इंजिन गार, प्रवासी बेजार

वाहनाला जादा शीतकरणाची साधने बसवल्यावर वातानुकूलन का मंदावते आणि त्याचे निदान कसे करावे

वैशाख वणव्याची चाहूल चैत्रातच लागावी, अशी विदर्भाची ख्याती आहे. नागपूर-चंद्रपूरच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे, ही आता बातमीही राहिलेली नाही. अशा उन्हात वाहनातील वातानुकूलन ही चैनीची बाब उरत नाही. प्रवासी वाहनाच्या व्यवसायात तर ती थेट पोटापाण्याची गोष्ट ठरते. एसी गार नसलेल्या गाडीत दुसऱ्यांदा कोणी बसत नाही आणि गाडी उभी राहिली, तरी कर्जाचा मासिक हप्ता काही उभा राहत नाही.

बँकेकडून वाहनकर्ज घेऊन पर्यटन व्यवसायात उतरलेल्या असंख्य ग्राहकांपैकी कोणाच्याही वाट्याला येऊ शकेल, असे एक प्रातिनिधिक उदाहरण येथे घेतले आहे. त्यातील गृहस्थ नागपूरचे. त्यांच्याकडे सात आसनी डिझेल गाडी आहे. छिंदवाडा, पचमढी, बैतूल या मध्य प्रदेशातील मार्गांवर तिच्या नित्य फेऱ्या होतात. उन्हाळ्यात सहली असतात. उरलेल्या वर्षभर छिंदवाड्याकडून उपचारांसाठी नागपूरला येणारी कुटुंबे हा त्यांचा भरवशाचा ग्राहकवर्ग. त्यांपैकी एका घरातील आजी तर दर पंधरवड्याला तपासणीसाठी त्यांच्याच गाडीतून येत असत.

भरल्या गाडीने घाट चढताना तापमानदर्शक काटा वर सरकू लागला, तेव्हा या गृहस्थांनी वेळीच दखल घेतली. त्यात त्यांचे काही चुकले नाही. ओळखीच्या गॅरेजात जाऊन त्यांनी मूळ रेडिएटरच्या जागी अधिक जाडीचा तीन रांगांचा रेडिएटर बसवला. इंजिन ऑइल थंड राहावे म्हणून पुढील जाळीच्या आत ऑइल कूलर लावून घेतला. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा काढून त्याच्या जागी विजेवर चालणारे दोन पंखे आले. ‘आता याची गरजच नाही,’ असे सांगून तिथल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅटही काढून टाकला. या सगळ्यावर एका हंगामाच्या कमाईचा चांगलाच हिस्सा खर्ची पडला. काटा मात्र खरोखरच खाली आला. इंजिन गार झाले.

आणि एसी गरम झाला.

रेल्वे फाटकावर, टोल नाक्यावर, शहरातील सिग्नलवर गाडी थांबली की झरोक्यांतून कोमट वारा येऊ लागे. गाडी महामार्गाला लागली की पुन्हा बरा गारवा. एका दुपारी फाटक पडलेले असताना मागच्या आसनावरील आजींना घेरी आली. पाणी शिंपडून, पदराने वारा घालून घरच्यांनी वेळ निभावली. त्यांच्या मुलाने उतरताना भाडे चुकते केले आणि शांतपणे एवढेच म्हटले, “भाऊ, पुढच्या वेळेस आम्ही दुसरी गाडी पाहू.” रागावलेला ग्राहक परत येऊ शकतो, शांतपणे निरोप घेतलेला ग्राहक सहसा येत नाही, हे व्यवसायात मुरलेल्या त्या गृहस्थांना सांगण्याची गरज नव्हती.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

एसी मंदावला की आपल्याकडे एकच निदान ठरलेले असते, ते म्हणजे ‘गॅस कमी झाला असेल.’ या गृहस्थांनाही तेच ऐकावे लागले. पहिल्या ठिकाणी गॅस भरला गेला. दोन दिवस फरक वाटला आणि पुन्हा मूळपदावर. दुसऱ्या ठिकाणी आणखी गॅस भरला. या वेळी तर सिग्नलवर कॉम्प्रेसर मधूनच बंद पडू लागला. आता कॉम्प्रेसरच बदलावा लागेल, असा सल्ला मिळाला. आग रामेश्वरी लागली होती आणि बंब सोमेश्वरी धावत होते.

हे असे का घडले, ते कळण्यासाठी वातानुकूलनाचे मूळ तत्त्व थोडक्यात पाहिले पाहिजे.

वाहनातील एसी गारवा ‘तयार’ करत नाही. तो उष्णता एका जागेवरून उचलतो आणि दुसऱ्या जागी नेऊन टाकतो. रक्कम एका खात्यातून वजा होऊन दुसऱ्या खात्यात जमा व्हावी, तसाच हा व्यवहार. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये द्रवरूप वायू उकळतो आणि उकळताना गाडीतील हवेची उष्णता शोषून घेतो. गेली अनेक वर्षे वाहनांत वापरात असलेला आर-१३४ए हा वायू वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणून हे शक्य होते. हा वायू कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबून तप्त करतो. पुढे गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये तो बाहेरच्या हवेला आपली उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होतो. एक्स्पान्शन व्हॅल्वमधून त्याचा दाब एकदम उतरतो आणि तो परत कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये आधुनिक वातानुकूलनाचा पाया घातला आणि अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये ते मोटारीत आणले. त्यानंतर यंत्रे लहान झाली, वायू बदलले. तत्त्व मात्र तेच राहिले.

या व्यवहारात ‘जमा’ बाजू अडली की ‘वजा’ बाजूही थांबते. कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता आली नाही, तर कूलिंग कॉइल ती शोषणार तरी कशी? आणि कंडेन्सरची उष्णता बाहेर टाकण्याचे काम वायू करत नाही, कॉम्प्रेसरही करत नाही. ते काम केवळ वारा करतो.

एका वाऱ्याचे अनेक वाटेकरी

गाडीच्या पुढील जाळीतून जेवढा वारा आत येतो, त्यावर अनेकांचा हक्क असतो. सामान्यतः सर्वांत पुढे कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर आणि त्यामागे पंखा अशी रचना असते. कंडेन्सर पुढे ठेवण्यामागे विचार आहे. त्याला वारा ताजा व थंड मिळावा, कारण तेथील वायू आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील अंतर तुलनेने थोडे असते. रेडिएटरमधील पाणी ९० अंशांच्या आसपास असल्याने कंडेन्सरवरून किंचित तापून आलेल्या हवेतही त्याचे काम भागते.

या रांगेत नवा वाटेकरी आला की हिशेब बदलतो. ऑइल कूलर अथवा टर्बो इंजिनचा मोठा इंटरकूलर कंडेन्सरच्या पुढ्यात बसवला, तर त्याच्यातील उष्णता वाऱ्यात मिसळून थेट कंडेन्सरवर येते. बाहेर ४४ अंश असताना कंडेन्सरला ५५-६० अंशांची हवा मिळाली, तर आर-१३४ए वायूला द्रवरूप होण्यासाठी त्याहूनही बरेच वरचे तापमान लागते आणि तापमानाबरोबर दाबही चढतो. हा वायू ५० अंशांना द्रवरूप होताना प्रति चौरस इंच सुमारे १७७ पौंड दाब असतो. ६० अंशांना तो २३० पौंडांच्या घरात जातो आणि ७० अंशांना २९० पौंडांच्या पुढे. दाब वाढला की कॉम्प्रेसरवरील भार वाढतो, डिझेल जास्त जळते आणि गारवा मात्र घटतो. दाब साधारण ४०० ते ४५० पौंडांवर गेला की सुरक्षेसाठीचा प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे ज्याला ‘कॉम्प्रेसर बिघडला’ असे म्हटले जात होते, तो प्रत्यक्षात स्वतःचा जीव वाचवत होता.

जाड रेडिएटरचीही एक बाजू आहे. जितक्या रांगा अधिक, तितका वाऱ्याला होणारा अडथळा अधिक. ताकदीचा पंखा आणि त्याभोवती नीट बसणारे आवरण असेल, तरच हा वारा ओढला जातो. केवळ रेडिएटर मोठा केला आणि पंख्याचा विचार केला नाही, तर थांबलेल्या गाडीत कंडेन्सरच्या वाट्याला पूर्वीपेक्षाही कमी वारा येतो.

आधी प्रश्न, मग पाना

अखेरीस हे गृहस्थ वाहनांच्या एसीचेच काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे पोहोचले. त्या मिस्त्रीकाकांनी गेज जोडण्यापूर्वी प्रश्न विचारले आणि खरे तर निम्मे निदान तेथेच झाले.

“गाडी उभी असताना गरम हवा येते की पळतानाही?”

“उभी असतानाच काका. महामार्गावर बरी चालते.”

“उभी असताना सारखीच गरम, की मधे मधे गार होते?”

गृहस्थांनी आठवून सांगितले की फाटकावर बराच वेळ थांबले तर मध्येच दोन-चार मिनिटे गारवा येतो आणि पुन्हा जातो.

“आणि घाटात?”

“घाटात पंखे जोरात फिरत असतात, आवाज येतो. तरीही एसी मंदच असतो.”

या तीन उत्तरांचे मोल कोणत्याही उपकरणाहून कमी नाही. वेगात गार आणि थांबल्यावर गरम, याचा अर्थ वायूचे चक्र बहुतांशी ठीक असून कंडेन्सरवरील वारा अपुरा आहे. याउलट गाडी पळताना आणि थांबलेली असतानाही सारखाच मंद गारवा असता, तर वायूची गळती, एक्स्पान्शन व्हॅल्व, कॉम्प्रेसरचा क्लच किंवा हीटरमधून मिसळणारी गरम हवा यांच्याकडे संशयाची सुई वळली असती. सुरुवातीला उत्तम गारवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने झरोक्यातील वाऱ्याचा जोरच कमी झाला असता, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे किंवा केबिन फिल्टर तुंबला आहे, असे समजावे लागले असते.

मिस्त्रीकाकांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वीच त्यांनी गेज जोडले. बंद आणि निवलेल्या गाडीत वायूचा दाब सभोवतालच्या तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-१३४ए चा दाब सुमारे ९७ पौंड असावयास हवा. काटा ११५ दाखवत होता. निव्वळ जास्त वायू भरल्याने हा आकडा वाढत नाही, कारण द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानाशीच बांधलेला असतो. याचा अर्थ वायूत हवा मिसळली होती. आधीच्या दोन्ही ठिकाणी नळ्यांतील हवा न काढता आणि व्हॅक्यूम न करता वरून गॅस भरल्याचा तो पुरावा होता. अशी हवा द्रवरूप होत नाही. ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते आणि दाब मात्र वाढवते.

दुपारी ऊन चढल्यावर दुसरी फेरी झाली. गाडी जागेवर सुरू, एसी पूर्ण क्षमतेवर आणि मधल्या झरोक्यात तापमापी. झरोक्यात २४ अंश, तर उच्च दाबाचा काटा ३४० पौंडांवर आणि तो अजून चढतच होता. मिस्त्रीकाकांनी बॉनेटखाली पाहिले. दोन्ही पंखे स्थिर होते.

मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. कंडेन्सरवर, आणि केवळ कंडेन्सरवर, पाण्याचा बारीक फवारा धरला. मिनिटा-दोन मिनिटांत दाब २४० पर्यंत उतरला आणि झरोक्यातील तापमान १५ अंशांवर आले. वायू कमी असता किंवा कॉम्प्रेसर थकलेला असता, तर केवळ पाणी मारून असा फरक पडला नसता. पाण्याने जे काम केले, ते वाऱ्याने करावयास हवे होते आणि तो करत नव्हता.

सापडलेले दोष

पहिला दोष मोठा गमतीचा, पण तितकाच बोधप्रद होता. नवे पंखे रेडिएटरमधील थर्मोस्विचला जोडलेले होते. पाणी साधारण ९२ अंशांवर गेले की पंखे सुरू व्हावेत, अशी ती योजना. परंतु रेडिएटर मोठा झाला होता आणि थर्मोस्टॅट काढलेला होता, त्यामुळे जागेवर उभ्या गाडीचे पाणी तेवढे लवकर तापतच नव्हते. पाणी तापत नाही, म्हणून पंखा सुरू होत नाही आणि पंखा सुरू होत नाही, म्हणून कंडेन्सर तापत राहतो. कंडेन्सरच्या उष्णतेने हळूहळू पाणी तापले की पंखे थोडा वेळ फिरत आणि तेवढाच वेळ गारवा येई. फाटकावरच्या त्या दोन-चार मिनिटांचे रहस्य हेच होते. मूळ पंखा इंजिनवर फिरणारा असल्याने इंजिन चालू असेपर्यंत थोडाफार वारा ओढतच असे. तो काढताना एसीच्या वाट्याचा वारा कोठून येणार, हा विचार कोणी केला नव्हता. इंजिनाचा प्रश्न जितका उत्तम सुटला, तितका एसीचा बिघडत गेला.

त्यातच पंख्यांना दिलेली वायर बारीक होती. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना पंख्यापाशी जेमतेम ११.२ पोहोचत होते. वाटेत हरवलेला प्रत्येक व्होल्ट पंख्याचा वेग आणि वारा कमी करत होता.

दुसरा दोष ऑइल कूलरच्या जागेचा. तो कंडेन्सरच्या बरोबर मध्यभागी पुढे बसवलेला होता. घाटात इंजिनवर भार असताना तेल तापते, कूलर आपली उष्णता मोकळी करतो आणि ती सगळी कंडेन्सरवर येते. पंखे जोरात फिरत असूनही घाटात एसी मंद का, याचे उत्तर येथे मिळाले.

तिसरा दोष पंख्याभोवतीच्या आवरणाचा आणि फटींचा. मूळ आवरण नव्या रेडिएटरला बसत नसल्याने ते काढून टाकलेले होते. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या कडांना असलेल्या फोमच्या पट्ट्याही गेल्या होत्या. मिस्त्रीकाकांनी पंखे थेट बॅटरीवर चालवले आणि पेटलेली उदबत्ती लांब चिमट्यात धरून कडेच्या फटींजवळ नेली. धूर समोरून आत जाण्याऐवजी इंजिनच्या बाजूने पुढे वळून पुन्हा रेडिएटरमध्ये शिरत होता. पंखा ताजा वारा ओढण्याऐवजी तीच तापलेली हवा फिरवत होता. पाणी नेहमी सोपा उतार शोधते, तसा वाराही सोपी वाट शोधतो आणि फट ही त्याची सर्वांत सोपी वाट असते.

चौथा दोष अर्थातच वायूचा, पण कमतरतेचा नव्हे. गाडीवरील पट्टीवर ७५० ग्रॅमची नोंद होती. यंत्राने परत काढून घेतलेला वायू भरला १,०४० ग्रॅम. जादा द्रव कंडेन्सरच्या नळ्यांत साचल्याने उष्णता टाकण्यास मिळणारी जागाच कमी झाली होती. उपचार म्हणून जे दोनदा दिले, तेच दुखण्यात भर घालत होते.

दुरुस्ती

कॉम्प्रेसर बदलावा लागला नाही. पंख्यांसाठी स्वतंत्र रिले, योग्य जाडीची वायर आणि फ्यूज बसवण्यात आले. कॉम्प्रेसरचा क्लच लागताच पंखे सुरू होतील अशी जोडणी केली. थर्मोस्विचची जोडणीही कायम ठेवली, म्हणजे दोहोंपैकी कोणाचीही हाक आली तरी पंखे फिरतील. ऑइल कूलर बाजूला, बंपरच्या आतील मोकळ्या वाऱ्याच्या जागी हलवला. नव्या रेडिएटरच्या मापाचे पत्र्याचे आवरण करून घेतले आणि सर्व कडांना फोमच्या पट्ट्या लावल्या. थर्मोस्टॅट पुन्हा बसवला, कारण त्याच्याविना इंजिन योग्य तापमानावर येण्यास फार वेळ लागतो, झीज वाढते आणि डिझेलचे अ‍ॅव्हरेज घसरते. ते घसरल्याचे गृहस्थांच्या नोंदवहीत दिसतच होते. शेवटी पूर्ण व्हॅक्यूम करून, गळती नसल्याची खात्री करून मोजून ७५० ग्रॅम वायू भरण्यात आला.

त्याच ठिकाणी, तशाच उन्हात पुन्हा मोजणी झाली. पाण्याचा फवारा न मारता उच्च दाब २५० पौंडांच्या आसपास स्थिर राहिला आणि झरोक्यात १४ अंश. इंजिनचा काटाही जागेवर. एका वाऱ्याची वाटणी योग्य झाली, की कोणालाच उपाशी राहावे लागत नाही.

वाहनधारकांनी ध्यानात ठेवावे असे काही

१) जादा साधने बसवण्यापूर्वी मूळ स्थितीची नोंद ठेवावी. जागेवर उभी गाडी आणि ताशी ६० किलोमीटर वेग, अशा दोन्ही वेळी झरोक्यातील तापमान मोजावे. साधी तापमापी पुरते. पुढे तक्रार आली, तर तुलनेला आधार राहतो.

२) विजेवरील पंखा असल्यास एसी लावताच बॉनेट उघडून पाहावे. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्याच वेळात सुरू झाला पाहिजे. साधा कागद पुढील जाळीपाशी धरला असता तो आत ओढला गेला पाहिजे. तो बाहेर ढकलला जात असेल, तर पंख्याच्या तारा उलट जोडल्या आहेत, असे समजावे.

३) कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या जागेत माती, पाने, किडे साचतात. बाहेरून स्वच्छ दिसणारा कंडेन्सर मागून तुंबलेला असू शकतो. कमी दाबाच्या पाण्याने तो धुवावा. जोरदार फवाऱ्याने त्याच्या नाजूक पाकळ्या दुमडतात.

४) काम करून आल्यावर झरोक्यातून सदैव कोमट हवा येत असेल, तर हीटरची तार किंवा व्हॅल्व निघालेला नाही ना, हे पाहावे. कूलंटच्या नळ्या काढताना असे घडू शकते.

५) ‘थोडा गॅस मारून देतो’ या वाक्याला नम्रपणे नकार द्यावा. गळती शोधून, व्हॅक्यूम करून, वजनाने मोजूनच वायू भरून घ्यावा आणि पावतीवर ग्रॅमची नोंद मागावी.

६) सुरक्षितता महत्त्वाची. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात, ओढणी, पदर दूर ठेवावेत. वायूच्या नळ्या स्वतः सोडू नयेत. उसळून आलेला थंड वायू त्वचेला व डोळ्यांना इजा करतो. तप्त इंजिनवर पाणी मारू नये.

कागदपत्रांची बाजू

फेरफार करण्यापूर्वी कागदांकडेही लक्ष द्यावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे तत्त्व अधोरेखित केले आहे. रेडिएटर किंवा पंखा बदलल्याने सहसा नोंदणीतील तपशील बदलत नाही. परंतु इंजिन, इंधन वा वाहनाचा सांगाडा यांना स्पर्श करणाऱ्या बदलांची गोष्ट निराळी. हमी कालावधीतील वाहनात बाहेरून साधने बसवल्यास त्या भागांची हमी नाकारली जाऊ शकते. वाहनाच्या वायरिंगमध्ये केलेल्या बदलांची माहिती विमा कंपनीला लेखी कळवावी आणि सर्व पावत्या जपून ठेवाव्यात. वाहन बँकेकडे तारण असेल, तर मोठ्या बदलापूर्वी शाखेत विचारणा करण्यात कमीपणा नाही. ते तारण दोघांच्याही हिताचे असते.

जबाबदारी हवेचीही

वायू हवेत सोडून देणे हा केवळ पैशांचा अपव्यय नव्हे. ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारे जुने वायू १९८७ च्या माँट्रियल कराराने हद्दपार होत गेले आणि त्यांची जागा आर-१३४ए ने घेतली. हा वायू ओझोनला इजा करत नसला, तरी वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक आहे. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली असून २०३२ पासून येथे ही कपात सुरू व्हावयाची आहे. त्यामुळे वायू यंत्राने परत काढून घेणाऱ्या कारागिराकडेच जाणे, हे सुजाण ग्राहकाचे लक्षण ठरते.

नागपूरच्या त्या गृहस्थांच्या बाबतीत सांगायचे, तर दुरुस्तीनंतर त्यांनी एक गोष्ट स्वतःहून केली. छिंदवाड्याच्या त्या घरी जाऊन त्यांनी झालेला दोष जसाच्या तसा सांगितला आणि एक फेरी विनाभाडे करून देण्याची तयारी दाखवली. पुढच्या पंधरवड्यात आजी पुन्हा त्याच गाडीत बसल्या. परतीच्या वाटेवर तेच फाटक पडलेले होते. मालगाडी लांबलचक होती. बराच वेळ गेला. मागून आजींचा आवाज आला, “बाळा, थोडी कमी कर रे हवा. अंगावर घ्यायला शाल नाही आणली मी.”

त्यांनी कळ एका अंकाने खाली केली. इतक्या महिन्यांनी कोणीतरी एसी कमी करायला सांगत होते.